पटावर चारशे, वर्गात चार

सासूबाई चाळीस वर्षं शिकवून निवृत्त होत होत्या. पाच वाजता शाळेत समारंभ होता आणि मानपत्र छापायचं होतं छापखानेवाल्या जावयाने. लग्नापासून सासूबाई त्याला 'धांदरट' म्हणत आल्या होत्या. आज तो शिक्का पुसायचाच, असा त्याने चंग बांधला होता.

दुपारी कॉम्प्युटर रेंगाळू लागला. आत पाहतो तर चारशे फॉन्ट!

"लागतात चार, पोसायचे चारशे?" म्हणत त्याने चार ठेवून बाकीचे उडवले.

"अहो, निदान विचारा तरी!" बायको म्हणाली.

"अगं, मला कळतं सगळं!"

मानपत्र छापून आलं. 'आदरणीय बाई'च्या जागी दोन कात्र्या, टेलिफोन आणि एक फूल होतं.

झालं होतं असं, की छपाईच्या प्रोग्रामची फॉन्टच्या नावांची एक फाइल असते, हजेरीपटासारखी. पटावर अजून चारशे नावं होती. मानपत्राचा फॉन्ट हाकेला ओ देईना, म्हणून प्रोग्रामने हाती लागला तो उभा केला. तो नेमका चित्रांचा निघाला.

"यादीच साफ करतो, सोप्पं आहे," तो म्हणाला, आणि त्या भरात अख्खी यादी पुसली. मग जुन्या डिस्कवरून सगळे फॉन्ट परत आणले. आता वर्ग भरलेला आणि पट कोरा! प्रोग्राम एकालाही ओळख दाखवेना.

साडेचार वाजले. शेवटी त्याने मुकाट्याने पेन उचललं.

समारंभात सासूबाईंनी चष्मा लावून मानपत्र शेवटपर्यंत वाचलं. त्यांनी पर्समधून लाल पेन काढून दोन वेलांट्या दुरुस्त केल्या.

"ओळी उतरल्यात. धांदरटच आहात," त्या म्हणाल्या. मग त्यांनी चष्मा काढला. "पण जावईबापू, एवढ्या वर्षांत मला कुणी स्वतःच्या हाताने असं लिहून दिलं नव्हतं."

घरी परतताना तो छाती काढून चालत होता. बायकोने पर्समधून पेनड्राइव्ह काढला.

"यात फॉन्टही आहेत आणि यादीही. मागच्याच महिन्यात कॉपी करून ठेवली होती."

"मग दिला का नाहीस?"

"द्यायलाच येत होते. पण तुम्ही लिहायला बसलेले दिसलात. म्हटलं, राहू दे."