तीनच्या आतला काटा

कुठलीही वायर माझ्यापासून काही लपवू शकत नाही, असं मी पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो. हिंगोलीजवळच्या एका आयटीआयमध्ये मी वीजतंत्री शिकवतो. बारा वर्षांत शेकडो पोरांना फ्यूज बांधायला शिकवलं! त्यामुळे २००१ साली परभणीच्या एका वकिलांची जुनी पेट्रोल गाडी घेतली, तेव्हाच ठरवलं की हिची विजेची सगळी कामं घरीच. बायको, संध्या, म्हणाली की आधी घरचा मिक्सर करा. तो विषय वेगळा आहे.

गाडीच्या डॅशबोर्डवर दोन मोठ्या तबकड्या होत्या. उजवीकडची वेग सांगायची. डावीकडची म्हणजे टॅकोमीटर. इंजिन मिनिटाला किती हजार फेरे घेतं ते तिच्यावर दिसतं. शून्य ते सात आकडे आणि एक लालभडक काटा. या काट्यापायी मी एक खोटं बोललो होतो, आणि पुढची सगळी भानगड त्यातूनच झाली.

माझी माय भागूबाई डोंगरकड्याला राहते. काही वर्षांपूर्वी सेनगावच्या रस्त्यावर ती बसलेली जीप उलटली आणि माय सोयाबीनच्या शेतात जाऊन पडली. लागलं काहीच नाही, पण मनात जी भीती बसली ती बसलीच. बैलगाडीतसुद्धा ती "हळू" म्हणते. माझ्या गाडीत पहिल्यांदा डावीकडे बसली, तेव्हा समोरचा लाल काटा बघून हे काय म्हणून तिनं विचारलं. मी म्हणालो, "माय, हाच वेग. तीन म्हणजे तीस."

"मंग तीनच्या आत ठेव," ती म्हणाली. "वर गेला की मी उतरले."

आता वरच्या गिअरमध्ये गाडी सत्तरनं गेली तरी तो काटा तीनच्या आतच राहतो. माय खूश, मी खूश. आकडे तिला साक्षरता वर्गात शिकवले होते, पण पलीकडची तबकडी तिला दिसायची नाही. उजवा डोळा काचबिंदूनं कायमचा गेला होता आणि डाव्यात मोतीबिंदू वाढत होता. समोरचा लाल काटासुद्धा ती पुढे वाकून, काचेला नाक लावून बघायची.

शेवटी मोतीबिंदू पिकला. नांदेडच्या डॉक्टरांनी ऑपरेशनला गुरुवारची तारीख दिली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की आणखी लांबवलं तर हाही डोळा हातचा जाईल. माय तयार झाली, पण एसटी नको, जीप नको. रत्नपालच्या, म्हणजे माझ्या, गाडीनंच जाईन म्हणाली, आणि तेही तीनच्या आत.

अशा वेळी शहाण्या माणसानं गाडीला हात लावू नये. मी लावला! इंजिन चढावर गचके देत होतं, आणि मायला गचका म्हणजे जीप आठवणार. हिंगोलीचे रतनसिंग मिस्त्री म्हणाले की जुनी कॉइल दमली, तिच्या जागी दोन कॉइलचा नवा सेट टाका. एकेक कॉइल दोन-दोन सिलिंडरांना ठिणगी देणार. आम्ही दोघांनी रविवारी तो बसवला. इंजिन इतकं गुपचूप चालायला लागलं की चालू आहे का बंद, ते हात लावून बघावं लागे. काट्याकडे मात्र मी बघितलंच नाही.

मंगळवारी रजा टाकून संध्याला घेऊन डोंगरकड्याला गेलो. सराव म्हणून मायला जरा फिरवून आणावं म्हटलं. गाव सुटलं तशी ती पुढे वाकली.

"थांबव," ती म्हणाली. "काटा मेला अन् झाडं तर पळून राहिली. गाडी तुझ्या हातात न्हाई राहिली, रत्नपाल."

मी काही बोलायच्या आत ती उतरली आणि कुंपणाला हात लावत लावत घराकडे निघाली. मी मागोमाग गेलो. तिनं मागं न वळता सांगितलं, "त्यो काटा जित्ता झाल्याबिगर मी बसत न्हाई. डोळा गेला तर जाऊ दे."

संध्या म्हणाली, खरं सांगून टाका. पण वर्षभर आपण सत्तरनं फिरलो हे कळल्यावर माय पुन्हा त्या गाडीत पाऊल टाकणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणजे काटा जिवंत करणं आलं.

बुधवारी सकाळी बॉनेट उघडलं. हा काटा कॉइलचे ठोके मोजतो, आणि त्याची वायर जुन्या कॉइलपासून सुटून नुसती लोंबत होती. मी ती दोनपैकी एका नव्या कॉइलला जोडली. काटा टुणकन उठला! पाच मिनिटांत काम झालं हे मी संध्याला दोनदा सांगितलं.

मायला बसवून अर्धापूरच्या रस्त्याला लागलो. गाडी साठनं चालली होती आणि काटा एकच्या जरा वर. मला वाटलं, वा, हे तर आणखी बरं झालं.

"एवढी हळू काहून?" माय म्हणाली. "उद्या अशी गेली तर डाक्तर कुलूप लावून घरी जाईल. काटा तीनपर्यंत ने. तीन तर मीच म्हणले होते."

वेगाला घाबरणारी बाई कबूल केलेला वेग पुरता वसूल करायला बसेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काटा चढवायचा तर गिअर उतरवणं भाग होतं. तिसऱ्यात काटा दोनच्या आसपास आला. दुसऱ्यात टाकल्यावर इंजिननं असा टाहो फोडला की केळीच्या बागेतली माणसं बांधावर येऊन बघायला लागली. मागे संध्यानं कानांवर हात ठेवले. माय काचेला नाक लावून "आनखी जरासं" म्हणत होती.

"आता बराबर तीन," ती समाधानानं म्हणाली, आणि बॉनेटमधून वाफेचा लोट उठून समोरचं सगळं दिसेनासं झालं.

गाडी बैलजोडीला बांधून परत आणली. त्या प्रवासात काटा शून्यावर होता, पण मायची काही तक्रार नव्हती. उलट अशी चालवत जा म्हणाली.

गाडी आमच्या दारात उभी राहिली तसा कोंडीबा बघायला आला. गावात त्याचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान आहे. तो माझाच विद्यार्थी, प्रॅक्टिकलला दोनदा मीच नापास केलेला. त्यानं बॉनेटमध्ये डोकावून बघितलं आणि अदबीनं म्हणाला, "सर, कॉइली दोन हायेत. तुमी एकच मोजून राहिले."

एक कॉइल म्हणजे निम्मे ठोके, निम्मे ठोके म्हणजे निम्मा काटा! मायच्या तीनसाठी मी इंजिन सहावर पिळत होतो. कोंडीबानं दुकानातून दोन डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेला सोडणारे बारके तुकडे, आणले, प्रत्येक कॉइलला एकेक जोडला, आणि दोघांची दुसरी टोकं एकत्र करून काट्याच्या वायरला कथलाचा डाग देऊन जोडली. इंजिन थंड झालं होतं, पाणी भरून चालू केलं, आणि काटा बरोबर बोलायला लागला. हे कुठं शिकलास, मी विचारलं.

"तुमच्याचकडं सर. नापास झालतो ना, सगळं दोनदा शिकलो."

गुरुवारी काटा तीनच्या आत ठेवून वेळेवर नांदेडला पोचलो. ऑपरेशन नीट झालं. शुक्रवारी पट्टी काढली. माय बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "केस किती पांढरे झाले रे तुझे." मला रडूच आलं, आणि ते लपवायला मी औषधांची चिठ्ठी उगाच तीनदा वाचली.

परतीच्या वाटेवर माय काळा चष्मा लावून शेजारी बसली. काटा तीनच्या आत होता, मी निर्धास्त होतो. अर्धापूर मागे पडल्यावर तिनं चष्मा वर केला. या वेळी ती पुढे वाकली नाही.

"पलीकडचं ते काय म्हणून राहिलं?" तिनं विचारलं. "सत्तर दिसून राहिलं मला."

संध्या खिडकीबाहेर बघायला लागली. माझा पाय आपोआप वर आला. मग मी सगळं सांगून टाकलं, पहिल्या दिवसापासूनचं. आता थांबव म्हणते, याची मी वाट बघत होतो.

"हळू काहून केली?" ती म्हणाली. "दिसत नव्हतं म्हणून भेत होते. आता रस्ता दिसून राहिला. चालव."

हल्ली ती पलीकडच्या तबकडीवर डोळा ठेवून बसते, आणि पन्नासवर आलो की पेट्रोल संपलं का म्हणून विचारते. माझा लाल काटा अगदी बिनचूक चालतो, पण त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. संध्या म्हणते, आता तरी मिक्सर करा. तो मी कोंडीबाकडे पाठवलाय.