रूटसाहेब दाराबाहेर

रक्त तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत संगणकांचा सगळा कारभार एकाच माणसाच्या हातात होता, म्हणून सगळे त्याला रूटसाहेब म्हणत. 'रूट' म्हणजे युनिक्स प्रणालीवर चालणाऱ्या यंत्रांचा सर्वाधिकारी. तो म्हणेल ती पूर्व दिशा. बाकीच्यांनी आपापल्या खिडकीपुरतं बघायचं.

त्या दिवशी अकरा वाजता मुख्य कार्यालयातून सर्व्हरची सुरक्षा तपासायला एक तज्ज्ञ बाई येणार होत्या. संचालक डॉक्टरीणबाईंनी सकाळीच विचारलं, "सगळं ठीक आहे ना?"

"मॅडम, त्या सर्व्हरमध्ये मुंगीला शिरायचं झालं तरी माझी परवानगी लागेल," रूटसाहेब म्हणाले.

तरी केबिनमध्ये जाऊन त्यांनी शेवटचा हात फिरवायला घेतला. आधी रूटच्या नावाने थेट आत शिरण्याची सोय बंद केली. आता ज्यांची नावं एका खास यादीत आहेत, त्यांनाच रूटचा अधिकार उसना मिळणार होता. मग त्यांनी यादी उघडली. तीन नावं. पहिले दोघे कधीच नोकरी सोडून गेलेले. ती नावं खोडली. हात चालू होता, तो तिसऱ्या ओळीवरूनही फिरला. तिसरं नाव त्यांचं स्वतःचं होतं.

हे कळलं तेव्हा बदल जतन होऊन गेला होता. त्यांनी अधिकार मागून पाहिला. यंत्राने शांतपणे उत्तर दिलं: तुमचं नाव यादीत नाही, या प्रकाराची नोंद वरिष्ठांकडे केली जाईल.

वरिष्ठ म्हणजे तेच.

तेवढ्यात रिसेप्शनवरच्या ताईंचा फोन आला. "साहेब, रिपोर्टवर डॉक्टरांची सही उमटवणारा प्रोग्रॅम अडकलाय. हॉस्पिटलवाले एका ऑपरेशनसाठी खोळंबलेत."

तो प्रोग्रॅम पुन्हा चालू करायला रूटच लागतो. यंत्र बंद करून वेगळ्या डिस्कवरून आत शिरता आलं असतं, पण त्यात तास-दीड तास गेला असता आणि तोवर एकही रिपोर्ट निघाला नसता. रूटसाहेब उठले. खाली जाऊन त्यांनी ताईंना बाजूला घेतलं आणि हळूच सगळं सांगितलं.

ताई चष्मा पुसत म्हणाल्या, "मग मी घेऊ का तुम्हाला आत?"

"तुम्ही? तुम्हाला फक्त प्रिंटर चालू करायचा अधिकार आहे."

"हो, पण ते बटण दाबलं की जी फाईल चालते, ती रूटच्या अधिकाराने चालते. आणि ती फाईल कुणालाही बदलता येते."

रूटसाहेबांना आठवलं. आठ महिन्यांपूर्वी, घाईत, त्या फाईलमध्ये सगळ्यांना लिहायची मुभा त्यांनीच दिली होती. नंतर काढून घेऊ म्हणून.

"तुम्हाला कसं कळलं?"

"त्या फाईलमधल्या सूचनेत तुम्ही 'कृपया'चं 'क्रुपया' केलं होतंत. बघवेना, म्हणून दुरुस्त केलं. ते जतन झालं. म्हटलं, हे झालं तर आणखी काय काय होत असेल. मग पुस्तक आणून वाचलं."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. दोनदा. तुम्ही म्हणालात, ताई, तुम्ही फोन घ्या."

रूटसाहेबांनी ताईंची खुर्ची मागे ओढून दिली. ताईंनी फाईलमध्ये एक ओळ टाकली, प्रिंटरचं बटण दाबलं, आणि साहेबांचं नाव यादीत परत आलं. लगेच त्यांनी ती ओळ पुसलीही. साहेबांनी प्रोग्रॅम पुन्हा चालू केला, दोन मिनिटांत सही उमटली आणि रिपोर्ट हॉस्पिटलला गेला. रूटसाहेब खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. मागे कुणीतरी खाकरलं. तज्ज्ञ बाई दहा मिनिटं लवकर आल्या होत्या, आणि बऱ्याच वेळापासून वहीत लिहीत होत्या.

दुपारी संचालकांनी तिघांना केबिनमध्ये बोलावलं.

"म्हणजे तुम्हाला बाहेर कुणी काढलं?"

"मीच," रूटसाहेब म्हणाले.

"आत कुणी घेतलं?"

"ताईंनी."

"आणि ते भोक कुणी पाडलं होतं?"

"तेही मीच."

संचालकांनी एक कोरा कागद पुढे ओढला. मग भोक त्याच दिवशी बुजवायचं ठरलं, आणि यापुढे अधिकारांच्या यादीला हात लावताना शेजारी ताई बसल्या पाहिजेत, असा लेखी हुकूम निघाला. ताईंनी तो वाचला, घडी घातली आणि फोन घ्यायला निघून गेल्या.

संध्याकाळी घरी बायकोने विचारलं, "कशी झाली तपासणी?"

"चांगली झाली. अख्ख्या यंत्रणेत धोका म्हणून एकच गोष्ट लिहिलीय."

"एकच? मग बरंय की. मोठी आहे का?"

रूटसाहेबांनी बूट काढले, ते नीट एका रेषेत ठेवले, आणि म्हणाले, "पाच फूट सात इंच."