विचारी माणसांचा डोंगर

"बडबडी माणसं सुट्टीत समुद्रावर जातात आणि विचारी माणसं डोंगरात," बायकोने मासिकातून वाचून दाखवलं. "बघा! आपण दरवर्षी समुद्रावर. आणि भावोजी डोंगरात!"

दातांच्या डॉक्टरांच्या तोंडातला घास तिथेच थांबला. बारा वर्षं ते हा भावोजींचा जप ऐकत होते. साडू घड्याळं दुरुस्त करायचा आणि दिवसाकाठी चार वाक्यं बोलायचा, तर म्हणे विचारी! डॉक्टर दिवसभर बोलायचे, आणि पेशंटच्या तोंडात हत्यारं असल्यामुळे त्यांना आजवर कोणी अडवलं नव्हतं.

"यंदा आपणही डोंगरात," ते म्हणाले. "त्यांच्याबरोबरच!"

विश्रामगृहावर पोचताच डॉक्टरांनी तोंडाला कुलूप लावलं. कोणी काही विचारलं की लांब कुठेतरी बघायचं आणि मान हलवायची. तिथेच घात झाला. "उद्या कड्यावरून येणार का?" वाटाड्याने विचारलं. साडूने मान डोलावली. डॉक्टरांनी त्याच्यापेक्षा जोरात डोलावली.

सकाळी अर्ध्या कड्यावर डॉक्टरांनी खाली पाहिलं. विचारी चेहरा तसाच ठेवून ते खडकाला पालीसारखे चिकटले. पुढे गेलेला वाटाड्या वळणाआड दिसेनासा झाला, तरी त्यांनी हाक मारली नाही. मागे पाहिलं, तर साडूही गायब!

मग मात्र कुलूप तुटलं. "अहो वाटाडे! अहो साडूभाऊ! कोणी आहे का? मला दोन मुलं आहेत हो! दवाखान्याचं कर्ज आहे!" पाऊण तास डॉक्टर न थांबता बोलले, तेव्हा कुठे वाटाड्या धावत परत आला.

साडू त्यांच्याच खाली दहा फुटांवर झुडपात सापडला. पाय मुरगळलेला, गुपचूप बसलेला.

"अहो, हाक का नाही मारलीत?" वाटाड्या ओरडला.

"हे बोलत होते ना," साडू म्हणाला. "मध्येच कसं बोलायचं?"

संध्याकाळी मेहुणी साडूचा पाय शेकत होती आणि डॉक्टरांची बायको पाणी गरम करून आणून देत होती. "केवढा सुजलाय! पण तोंडातून ब्र नाही काढला हो भावोजींनी!"

"अगं, मी ओरडलो म्हणून सापडले ते!"

"तुमचं ओरडणं इथपर्यंत ऐकू येत होतं. लाज वाटली मला."

डॉक्टर उठले. खोलीच्या दारापर्यंत ते चांगले चालत गेले, आणि परत येताना लंगडू लागले.

"आता तुम्हाला काय झालं?"

"पाय दुखावलाय बहुतेक. मी कुठे काही बोललो?"

"कोणता?" बायकोने किटली खाली ठेवत विचारलं.

डॉक्टरांचं ते अजून ठरलं नव्हतं.