घरोघरी डोंगर

वाकोळे गावाने आपला डोंगर खुला केला, त्याला आता तीन वर्षं होऊन गेली. खुला म्हणजे असा, की ज्याला डोंगरात काही बदल सुचेल त्याने तो शुक्रवारच्या सभेत मांडायचा. निम्म्याहून जास्त हात वर झाले, की दुपारची जेवणं उरकेपर्यंत डोंगर तसा झालेला असतो. पहिल्याच वर्षी चढणीची वाट सोपी झाली, करवंदाच्या जाळ्या शाळेच्या अंगाला आल्या, आणि माथ्यावरचा वारा हातभर डावीकडे सरकवला गेला, कारण तो पिठाच्या गिरणीत शिरत असे.

डोंगराची सगळी व्यवस्था यशोधरा भोईटे पाहायची. ग्रामपंचायतीतला कॉम्प्युटर तीच चालवायची, तेव्हा डोंगरही तिनेच चालवावा असं गावाचं मत पडलं होतं. तिने कामात कधी कुचराई केली नाही. चूक झाली ती एकदाच.

गावातल्या पोरांनी डोंगराच्या पश्चिमेच्या खांद्यावर क्रिकेटसाठी सपाटी मागितली. सगळ्यांचे हात वर झाले, यशोधराचाही झाला. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की सासूबाई संध्याकाळचा चहा घेऊन घरातच बसल्या आहेत.

"आत्ती, आज वर नाही गेलात?"

"कुठं बसू?" बाजाबाई म्हणाल्या, आणि शेंगा फोडत राहिल्या.

त्या खांद्यावर एक काळा धोंडा होता. त्याला पाठ टेकून बसलं, की दोन ओढ्यांपलीकडे बाजाबाईंच्या माहेरच्या देवळाचा कळस दिसायचा. चाळीस वर्षं त्या रोज तिथे जात होत्या. सपाटी करताना नेमका तोच धोंडा निघाला होता. यशोधराने धोंडा परत ठेवायचं ठरवलं, पण तो नेमका कुठे होता हे कुणालाच सांगता येईना. कुणी म्हणे हिंगणाच्या झाडाशी, कुणी म्हणे त्याच्या बरंच खाली. धोंडा दोनदा ठेवून पाहिला. दोन्ही वेळा बाजाबाई जाऊन बसल्या, "बरं हाय" म्हणाल्या आणि लगेच खाली आल्या. यशोधराला ते "बरं हाय" ऐकवत नव्हतं.

अशातच तालुक्याहून पत्र आलं. खुल्या डोंगराला व्हर्जन कंट्रोल असणं सक्तीचं झालं होतं. व्हर्जन कंट्रोल म्हणजे बदल कोणी केला, केव्हा केला आणि आधीचा डोंगर परत कसा मिळेल हे सांगणारी पद्धत, असा खुलासा पत्रातच होता. महिनाअखेरीपर्यंत पद्धत निवडून न कळवल्यास डोंगर बंद समजून त्याला तारेचं कुंपण घालण्यात येणार होतं.

डोंगर समितीचे अध्यक्ष बापू साळोखे हे फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी पत्र दोनदा मोठ्याने वाचलं आणि दोन पद्धतीवाल्यांना बोलावून घेतलं. दोन्ही पद्धती एकेक आठवडा वापरून पाहायच्या आणि मग हात वर करायचे असं ठरलं.

पहिले आले खानोलकर. त्यांनी टेम्पोतून एक लोखंडी कपाट उतरवलं.

"डोंगर एकच, आणि तो या कपाटात," ते म्हणाले. "ज्याला बदल करायचा त्याने सही करून डोंगर बाहेर काढायचा. तो परत ठेवेपर्यंत दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. गोंधळाला जागाच नाही."

"याला म्हणतात शिस्त," बापू म्हणाले. कपाटाची किल्ली त्यांनी स्वतःकडे घेतली आणि पहिली सहीही स्वतःच केली. पूर्वेची कडा जरा वेडीवाकडी आहे हे त्यांना फार दिवसांपासून खुपत होतं. मंगळवारी त्यांनी डोंगर काढला आणि कडा तासायला घेतली. तेवढ्यात मिरजेहून लेकीचा फोन आला, नातवाचं बारसं ठरलं होतं. बापू डोंगर पिशवीत घालून तसेच एसटीत बसले.

चार दिवस गावाला डोंगर नव्हता. शेळ्या सवयीने पायथ्याशी गेल्या आणि वर बघत उभ्या राहिल्या. एसटीचा ड्रायव्हर गाव डोंगरावरून ओळखायचा, तो दोनदा न थांबता पुढे गेला. यशोधराने बापूंना फोन लावला.

"बापू, डोंगर कुठाय?"

"माझ्याजवळ हाय की. अगदी सुरक्षित. पाळण्याखाली ठेवलाय."

"गावाला लागतोय हो."

"सही माझी हाय ना? मग नियमानं मी आल्यावरच," बापू म्हणाले. पण शनिवारी ते परतले तेव्हा स्टँडपासून घरापर्यंत त्यांनी मान वर केली नाही. पिशवी यशोधराच्या हातात दिली आणि हळूच म्हणाले, "पोरी, दुसऱ्या पद्धतीवाल्याला बोलीव."

दुसऱ्या पद्धतीच्या दमयंतीबाई कुलथे एसटीने आल्या, हातात फक्त एक कापडी पिशवी घेऊन. पारावर बसून त्यांनी आधी पाणी मागितलं.

"माझ्या पद्धतीत कपाट नाही," त्या म्हणाल्या. "प्रत्येक घरात आख्खा डोंगर राहील. आजचा, आणि त्याच्या आधीचे सगळे. एका घरचा हरवला तर शेजारून आणायचा."

"बाई, घरात डोंगर ठेवायचा कुठं?" गिरणीवाल्या तुकाने विचारलं.

"फडताळात मावतो. लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवू नका, वास लागतो."

हे सगळ्यांना पटलं. दमयंतीबाईंनी पुढे सांगितलं, की आपापल्या घरच्या डोंगरात हवा तो बदल करावा आणि शुक्रवारी सगळ्यांचे बदल एकत्र जुळवावेत. प्रत्येक बदलाखाली एक ओळ लिहावी. "काय बदललं ते डोंगर बघून कळतंच. का बदललं ते लिहा."

"पण बाई, आधीचे डोंगर आणायचे कुठून?" यशोधराने विचारलं. तिच्या आवाजात घाई होती. "आम्ही कधी काही लिहूनच ठेवलं नाही."

"तुम्ही नसेल ठेवलं. लोकांनी ठेवलं असेल. ज्याला जसा आठवतो तसा त्याच्याकडून घ्या."

दोन दिवस यशोधरा घरोघर फिरली. बेचाळीस डोंगर जमले. म्हाताऱ्यांचे डोंगर उंच होते, आणि परदेशी जाऊन आलेल्या एका इंजिनिअरचा फारच लहान. शाळेतल्या मुलींच्या डोंगरात घसरगुंडी होती, जी प्रत्यक्षात कधीच नव्हती. तुकाच्या डोंगराला पायथाच नव्हता, कारण तो लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसूनच वर गेलेला. यातला खरा कुठला, यावर बापू भांडायच्या तयारीत होते. दमयंतीबाई म्हणाल्या, "सगळे ठेवा. डोंगराला फांद्या असतात. ज्याची त्याची फांदी वेगळी. जुळेल तेवढं जुळवून घ्यायचं, बाकीचं राहू द्यायचं."

शेवटी यशोधरा स्वतःच्या घरी आली. बाजाबाई भाकरी थापत होत्या.

"आत्ती, तुमचा डोंगर द्या."

"माझा कसला डोंगर?"

"तुम्हाला आठवतो तो."

बाजाबाईंनी हात धुतले, डोळे मिटले, आणि पिठाच्या परातीत डोंगर काढून दिला. मुठीएवढा होता. बहुतेक सगळा पुसट, झाडं नाहीत, वाट नाही. पण पश्चिमेच्या खांद्यावरचा धोंडा इतका लख्ख होता, की त्यावरची शेवाळाची रेघसुद्धा दिसत होती. हिंगणापासून तो अकरा पावलांवर होता, आणि जरासा उत्तरेला कललेला.

शुक्रवारी जुळणी झाली. एकाच जागेवर बाजाबाईंचा धोंडा आणि पोरांची सपाटी आली, तेव्हा डोंगर थरथरून थांबला. दमयंतीबाई म्हणाल्या, यात घाबरण्यासारखं काही नाही, दोघांनी समोरासमोर बसून ठरवायचं. पोरांचा कप्तान आणि बाजाबाई पाराच्या पायरीवर बसले.

"आज्जी, धोंडा बरोबर खेळपट्टीवर येतोय."

"मग तुमची पट्टी सरकवा की. मी चाळीस वर्सं बसलीया. तुमचं वय किती?"

"सतरा."

"मंग?"

खेळपट्टी नऊ पावलं दक्षिणेला गेली. खाली ओळ लिहिली गेली: 'आज्जी आधीपासून होत्या.' पूर्वेची कडाही जुनी, वेडीवाकडी परत आली, आणि तिच्याखाली बापूंनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'कडा तासली होती. गावाला न विचारता मिरजेला नेली. चूक झाली.' ते वाचून लोकांनी टाळ्या वाजवल्या. बापूंनी सवयीने सलाम ठोकला.

संध्याकाळी बाजाबाई वर गेल्या. यशोधरा खालून बघत राहिली. एक तास झाला, दीड झाला, त्या काही उतरेनात. मग वरून त्यांची हाक आली, "अगं, कळसाला नवा रंग दिलाय त्यांनी! ये बघायला!" यशोधरा चपला न घालताच चढायला लागली.

मतदानात कपाटाला एकही हात मिळाला नाही. स्वतः खानोलकरांनीसुद्धा दुसऱ्या बाजूने हात वर केला आणि जाताना आपल्या मुलीसाठी एक डोंगर मागून नेला. तालुक्याला पत्र गेलं.

पुढच्या महिन्यात काळेबोरी नावाच्या गावाहून सरपंच कौसल्या बनसोडे आल्या. त्यांचा मुलूख ताटासारखा सपाट. त्यांच्या पोरांनी डोंगर फक्त पुस्तकात पाहिलेला. डोंगर खुला आहे असं ऐकलं, तर एक मिळेल का, असं त्यांनी जरा संकोचून विचारलं.

"विचारायचं काय त्यात? न्या की," यशोधरा म्हणाली, आणि फांद्यांसकट आख्खा डोंगर जुन्या साडीत बांधून त्यांच्या मांडीवर ठेवला.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. मागे पोरांचा प्रचंड आरडाओरडा चालू होता, त्यामुळे दोघींनाही मोठ्याने बोलावं लागत होतं.

"ताई, डोंगर छान बसला! गावाच्या मागंच बसवला. फक्त एक झालंय, आमच्याकडं आता दिवस वीस मिनिटं आधी मावळतो."

"मग अडचण होतेय का?"

"छे, अडचण कसली? सगळं गाव बघायला बसतंय रोज. सांगून ठेवावं म्हटलं."

"बरं केलंत," यशोधराने कागद पुढे ओढला. "खाली ओळ काय लिहू?"

पलीकडे कौसल्याबाईंनी पोरांना विचारलं. पोरं एकदम ओरडली, "आता सूर्याला लपायला जागा झाली!" यशोधराने ते जसंच्या तसं लिहून घेतलं.