जिवाजीअण्णांचं चाकांवरचं घर

बंगळूरला बदली होऊन आल्यावर चौथ्याच दिवशी मी एका परक्या गृहस्थाच्या झोपायच्या खोलीत चढलो आणि मॅजेस्टिकचं तिकीट मागितलं.

दोष सर्वस्वी माझा नव्हता. साठ सालच्या आगेमागेची गोष्ट. चामराजपेटेतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसएवढी उंच, बसच्याच रंगाची गाडी उभी होती, मागच्या दाराला पायरी होती, आणि मला मॅजेस्टिक भागातल्या ऑफिसला उशीर झाला होता. आत शिरलो तर बाकांच्या जागी एक खाट. खाटेवर एक बाई उताण्या पडून, पोटावर सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. शेजारी स्टोव्ह, भिंतीला फडताळ, फडताळात देव. एवढं सगळं दिसत असूनही माझ्या तोंडून ठरलेलंच बाहेर पडलं.

"एक मॅजेस्टिक."

"बसा की," बाई म्हणाल्या. "पण ही गाडी अजून गल्लीबाहेर पडली नाही."

तेवढ्यात माझ्या पायाखालून आवाज आला, "कोण ते? पाय स्वल्प हलके टाका, खाली मी आहे!"

हे जिवाजीअण्णा. आमची ओळख अशी एका फळीच्या दोन बाजूंनी झाली.

अण्णा एका कारखान्यातले निवृत्त फोरमन. त्यांच्या घराण्याला बंगळूरला येऊन तीनशे वर्षं झाली होती आणि मला चार दिवस. त्यामुळे मराठी माझंच चुकतं असं त्यांचं ठाम मत होतं. "तुमचं पुण्याचं भाषा स्वल्प वाकडं आहे. येईल सरळ, घाबरू नका," असा त्यांनी मला पहिल्याच दिवशी धीर दिला.

जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्यांच्याकडे एकच औषध होतं: हवा दाखवा. कुणाला ताप आला? खिडकी उघडा, हवा दाखवा. घरमालक भडकला? कट्ट्यावर आणून बसवा, स्वल्प हवा दाखवा. कॉफी तर ते पेल्यातून डबऱ्याच्या पसरट वाटीत आणि वाटीतून परत पेल्यात, हातभर उंचीवरून, इतक्या वेळा ओतत की पिताना तिच्यात कॉफीपेक्षा हवाच जास्त असे.

खाटेवरच्या बाई त्यांच्या पत्नी. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणे. विहिरीच्या काठावर घसरून त्यांच्या मणक्याला मार बसला, त्याला नऊ वर्षं झाली होती. बसता येत नव्हतं, बस-रेल्वेचं नाव नको. त्यांची आई चिकमगळूरच्या वर, डोंगरात, कॉफीच्या मळ्यावर मुलाकडे राहायची. वय ऐंशीच्या पुढं. आईला घाट उतरवत नव्हता आणि लेकीला चढवत नव्हता. दोघींच्या मध्ये नऊ वर्षं तो घाट उभा होता. अण्णांनी ठरवलं होतं की घरच घाटावर न्यायचं. खाट हलवायची नाही, खाटेसकट घर हलवायचं.

गाडीचा पाया होता कुठल्याशा संस्थानिकाच्या जुन्या अमेरिकन मोटारीचा. त्यावर लष्कराच्या लिलावातली ॲम्ब्युलन्सची पेटी बसवलेली. मोटारीत मौज अशी की तिला क्लच नव्हता. गिअर आपोआप पडत, एका डब्यात फिरणाऱ्या लाल तेलाच्या जोरावर. चार माणसं आणि एक बंदूक वाहण्यासाठी केलेल्या त्या डब्यावर अण्णांनी खाट, फडताळ, पाण्याची टाकी आणि देव चढवले. चढ लागला की तेल तापायचं, तापलं की पातळ व्हायचं, आणि मग गाडी नुसती गुरगुरायची, हलायची नाही.

कोपऱ्यावरचा दस्तगीर मिस्त्री रोज संध्याकाळी येऊन तेच सांगायचा, "अण्णा, ये डब्बा निकालो. लॉरी का डब्बा डालो, क्लचवाला. जिंदगीभर गरम नै होता."

"नक्को," अण्णा म्हणायचे.

"कायकू नक्को?"

"नक्को म्हणजे नक्को."

मला हा निव्वळ हट्ट वाटायचा. संस्थानिकाच्या गाडीचा रुबाब सोडवत नसेल, अशी मी घरी टीकाही करायचो. आमची ही म्हणायची, "तुम्हाला सायकलची चेन बसवता येत नाही. गप्प बसा."

अण्णांचं म्हणणं, कॉफीला जे लागू ते तेलाला. त्याला डब्याबाहेर काढायचं, हवा दाखवायची, परत आत घ्यायचं. त्यासाठी त्यांनी बंब करणाऱ्या एका तांबटाकडून तांब्याच्या नळीचं वेटोळं करून घेतलं. तांबटानं जन्मभर फक्त बंब केलेले. वेटोळं घासूनपुसून आरशासारखं केलं आणि शेवटाला सवयीनं एक सुबक तोटीही बसवली. अण्णा म्हणाले, तोटी कशाला? तो दुखावला. "तोटीशिवाय कधी काम बाहेर दिलं नाही मी." कारागिराचं मन मोडू नये म्हणून अण्णांनी तोटी तशीच ठेवली.

त्या तोटीनं घात केला. पहिली फेरी येलहंकापर्यंत काढली. अक्का घरी, त्यांच्या जागी गाडीतल्या खाटेवर मी, वजनाला. रस्त्याच्या हादऱ्यांनी तोटी हळूहळू उघडत गेली, आणि ऐन चौकात गाडी थांबली तेव्हा मागं लालभडक तेलाचं तळं. आम्ही खाली उतरेपर्यंत एका म्हातारीनं त्यात कापलेलं लिंबू ठेवलं होतं. कुणीतरी कुंकू भरलेला कोहळा फोडून कुणाची तरी दृष्ट काढली असणार, अशी तिची खात्री. मग येणारा-जाणारा तळ्याला वळसा घालून, गाडीला नमस्कार करून जाऊ लागला. ढकलायला मात्र कुणी हात लावेना. दृष्ट उतरवलेल्या वस्तूला कोण शिवणार? बैलजोडी येईपर्यंत आम्ही दोघं तिथं बसलो. अण्णांनी तोटी उपटून खिशात टाकली आणि म्हणाले, "सरी, ठीक आहे. आता कळलं."

दुसरा कुणी असता तर त्यानं गाडी भंगारात दिली असती. अण्णांनी दुसऱ्या दिवशी सकाळी तोटीच्या जागचं भोक झाळून बंद केलं. मग एका मोडक्या मोटारीचा रेडिएटर आणून वेटोळ्यापुढं जोडला. डब्याखालची तेलाची परात मोठी केली, तिच्या बुडाला हवा लागावी म्हणून पत्र्याचे कंगवे लावले. विमानाच्या भंगारातून एक तापमापक मिळवला. त्यावरचे आकडे पुसून गेलेले. अण्णांनी त्याचं टोक अक्कांच्या स्वयंपाकात एकेका भांड्यात बुडवून नवे आकडे लिहिले: 'अंघोळ', 'कॉफी', 'सार', आणि सगळ्यात वर कुंकवाची रेघ ओढून 'तळण'. सारापर्यंत चालेल, तळणाला सुई गेली की डबा संपला. सहा महिने गेले. प्रत्येक रविवारी फेरी, प्रत्येक रविवारी काहीतरी नवं जोडलेलं.

मग अक्कांच्या आईचं पत्र आलं. मजकूर आईचा, अक्षर दुसऱ्याचं. अक्का ते उलटसुलट करून पाहत राहिल्या. "डोळे गेले वाटतं तिचे," एवढंच म्हणाल्या. अण्णांनी पेल्यातली कॉफी ओतायची थांबवली आणि गरमच पिऊन टाकली. तशी पिताना मी त्यांना त्या आधी पाहिलं नव्हतं.

"गुरुवारी निघू," ते म्हणाले.

आम्ही दोघंही बरोबर गेलो. ही मागं अक्कांपाशी. पुढं अण्णा आणि मी. घाट सुरू व्हायच्या आधी त्यांनी गाडी थांबवली, तापमापक माझ्या बाजूला वळवला आणि म्हणाले, "तुम्ही सुई बघा. मला सांगत राहा." त्या सुईला ते गल्लीत कुणाला बोट लावू देत नसत. माझी छाती फुगली.

"कॉफी," मी ओरडलो. पहिलं वळण. "कॉफीच्या पुढं!" दुसरं वळण. "सार! अण्णा, सार!"

अण्णांनी हातानं आवाज खाली घ्यायची खूण केली. मला वाटलं, घाबरले. मी कुजबुजत "साराच्या वर" म्हणालो. त्यांनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं. दरीतून वारा वर येत होता. रेडिएटरवर ओलं गोणपाट टाकून आम्ही थांबलो.

"लॉरीचा डबा घातला असता तर हे काही नव्हतं," मी न राहवून म्हणालो.

अण्णांनी गोणपाटावर तांब्यानं पाणी सोडलं. "लॉरीत गिअर पडताना झटका बसतो. पुढं बसणाऱ्याला कळत नाही, मणक्याला कळतो. दस्तगीरच्या लॉरीत मागं फळीवर उताणा पडून मी केंगेरीपर्यंत गेलतो. झटके मोजले. शंभरानंतर सोडून दिलं."

मग त्यांनी बॉनेट हलक्या हातानं लावलं.

आणखी दोनदा थांबलो. शेवटच्या चढाला सुई कुंकवाच्या रेघेपासून केसभर खाली येऊन थबकली. मी देवाचं नाव घेत होतो. गाडी गुरगुरली, पण चढली.

मळ्याच्या अंगणात म्हातारी भिंत धरून उभी होती. तिनं हातानं गाडीची पायरी चाचपली, मग दार, मग खाटेची कड, आणि शेवटी लेकीचं कपाळ. "इतका वेळ लावतात का गं?" ती म्हणाली. अण्णा तेव्हा तिथं नव्हते. ते गाडीखाली होते, डब्याला हात लावून बघत.

घरी परतल्यावर मी आठवडाभर गल्लीत सांगत होतो की तो घाट मी आणि अण्णांनी कसा चढवला. एकदा हिच्यासमोरही सुरू झालो. म्हटलं, "माणसाचा विश्वास बघ. जिवापाड जपलेली सुई माझ्यावर सोपवली."

ही भाजी चिरत होती. म्हणाली, "पहिल्या वळणानंतर अक्कांना झोप लागली. गाडीत, घाटात, गाढ. आणि अण्णा सारखे समोरच्या आरशात त्यांच्याकडे बघत होते. तिकडे बघायचं तर सुईकडे कोण बघणार? म्हणून तर तुम्हाला नेलं."