सोनाराच्या तराजूतली तीन पाती

सन २०१९. मी एकसष्ट वर्षांचा होतो, आणि आमच्या अहमदपुरात एक माणूस लोखंड सोनाराच्या तराजूत जोखत होता.

हा रज्जाक मिस्त्री. आम्ही दोघं सुतार. त्याची आणि माझी शेड एक, टेबलाचं आरा मशीन एक. दाराच्या पट्टीला नक्षी काढायची तर त्या मशीनवर गोल आरीच्या जागी लोखंडी चकती बसते. तिच्यात तीन पाती. पात्यांचा संच मात्र ज्याचा त्याचा. रज्जाकच्या एका पात्याचा टवका उडाला की हा तिन्हीला धार लावणार. मग तिन्ही कापडात गुंडाळून काशिनाथ सराफाच्या दुकानी. तिथं बाया मंगळसूत्र बघून राहिल्या, आणि हा मधी घुसून म्हणतो, "शेठ, जरा ही जोखा. तिन्ही सारखी भरतात का बघा."

"रज्जाक, सोन्याची हायत का रे?" मी विचारायचो.

"तीन भाऊ हायत, महादू. एकाला कमी वाढलं की सगळं घर हलतं."

पाती बसवली की मशीन रिकामं फिरवून मनात शंभर मोजणार. तोवर कुणी समोर उभं राहायचं न्हाई. एकदा एक नगरसेवक दाराचं माप सांगायला आले. सोबत चार माणसं, एक फोटोवाला. रज्जाक म्हणाला, "आधी बाजूला सरका, मग बोला." नगरसेवकाला उभ्या जन्मात कुणी सरका म्हटलं नव्हतं. ते सरकले, फोटोवालाही सरकला. फोटोत नुसतं मशीन आलं. लग्नाच्या पंगतीतसुद्धा रज्जाक भटारखान्याच्या कढईसमोरून लोकांना बाजूला सारायचा. अरुंद पट्टी मशीनवर कधी धरायचा न्हाई. आधी रुंद फळीला नक्षी काढायची, मग पट्टी कापायची. लाकूड वाया जातं म्हटलं तर आपली दहा बोटं नाचवून दाखवायचा.

मी चौथीतून शाळा सोडली, पण हाताला वजन कळतं. ज्या पात्याचा टवका उडाला त्यालाच धार लावायची, हा माझा कायदा. पहिल्याच वर्षी रज्जाक म्हणाला, "महादू, तुझी पण जोखून आणू का?" मी दीड महिना त्याच्याशी बोललो न्हाई. चहासुद्धा दुसऱ्या हॉटेलात. पुढं बावीस वर्षं माझी पाती मशीनवर लोण्यासारखी फिरली. मी चारचौघांत सांगायचो, "बघा, तराजू न्हाई, काटा न्हाई. याला हात म्हणतात!" रज्जाक मान हलवायचा आणि भुसा झाडायचा.

त्या साली तो डोळ्याच्या ऑपरेशनला लेकीकडं उदगीरला गेला. पंधरा दिवस लागणार होते. मला आनंदच झाला. शंभर मोजणं नको, सरका नको.

दहाव्या दिवशी एकाच पात्याचा तिसऱ्यांदा टवका उडाला. मी त्याला झकास धार लावली, बसवलं, मशीन चालू केलं. टेबल थरथरलं. टेबलावरचा खिळ्यांचा डबा चालत चालत कडेला गेला आणि पडला. मी म्हटलं, हलू दे. आणि अरुंद पट्टी समोरून आत सारली. पट्टी उसळली, माझ्या कानाला वारा लावून गेली आणि मागच्या पत्र्यात घुसली. मशीन कसं बंद केलं ते आठवत न्हाई. बोटं मोजली. दहा भरली. परत मोजली.

संध्याकाळी पाती धोतरात लपवून सराफाकडं गेलो. काशिनाथ शेठनं जोखली. "एक लई हलकं हाय," म्हणाले, "गुरुवारी रज्जाकभाई बरोबर करून न्यायचे. आता ते न्हाईत ना."

"त्याची न्हाईत. माझी हायत."

"हाव, तुमचीच. तुम्ही गुरुवारी शेतावर गेलात की तुमचीच आणायचे. जड असतील ती घासून घासून हलक्याच्या बरोबरीला आणायचे. म्हणायचे, महादूला सांगू नका, त्याला राग येतो."

"कधीपासून?"

"तुम्ही दीड महिना अबोला धरला होता बघा, तेव्हापासून. त्यांची बायको आदल्याच साली वारलेली. इथं पायरीवर येऊन बसायचे. म्हणायचे, शेठ, घरी कुणी बोलायला न्हाई, आता शेडमधी पण न्हाई."

मला आधी रागच आला. माझ्या हत्याराला हात लावतो म्हणजे काय! घरापर्यंत तोंडानं शिव्या देत गेलो. जेवण गेलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं उदगीरला गेलो. रज्जाक ओसरीत खाटेवर बसला होता, डोळ्यावर हिरवं कापड. "कोण?" म्हणाला. मी तिन्ही पाती त्याच्या मांडीवर ठेवली आणि म्हटलं, "मी हाय. मला जमंना. कसं करायचं ते सांग."