सोवळ्यातला पट्टा

मोतीबिंदूचे ऑपरेशन दोनदा रद्द झाले आणि भीमाचार्यांची पोथी बंद पडली. अक्षरच दिसेना, वाचणार काय? घरी त्यांचे बीपी गाईसारखे गरीब. पण पांढरा कोट दिसला की एकशेऐंशी. तेवढ्या बीपीवर डोळ्याला हात लावायला कुणीच धजेना.

"अण्णा, हे तुमच्या सिंपथेटिक नसांचं काम," डॉक्टर अनुषा म्हणाली. ती मल्लेश्वरमला त्यांच्याच गल्लीत वाढलेली. "वाघ दिसला की शरीराला पळायला तयार करतात त्या. ठोके वाढवतात, रक्तवाहिन्या आवळतात. तुम्हाला मी वाघ वाटते."

"छे गं! तू तर आमच्यासमोर लहानाची मोठी झालीस," भीमाचार्य म्हणाले आणि त्यांचे बीपी आणखी चढले.

शेवटी अनुषाने दिवसभराचे बीपी टिपणारे यंत्र त्यांच्या दंडाला बांधले. पट्टा अधूनमधून आपोआप आवळणार होता. "उद्या घेऊन या. घरचं बीपी ठीक निघालं, तर ऑपरेशन नक्की. आणि सांभाळा हं, इंदिरानगरच्या आमच्या मोठ्या सरांकडून मागून आणलंय."

रात्र बरी गेली. सकाळी भीमाचार्य सोवळे नेसून देवघराकडे निघाले, तोच कमलाबाई आडव्या आल्या.

"अहो, तो पट्टा घेऊन पूजा? किती जणांच्या दंडाला लागलाय कोण जाणे!"

"काढायचा नाही म्हणालीय ती."

"काढून ठेवतंय कोण? स्वल्प धुऊन परत बांधू."

कमलाबाईंचे शास्त्र चोख होते. धोतर धुतले की सोवळ्यात चालते, मग पट्ट्याने काय घोडे मारले? त्यांनी नळी उपसली आणि पट्टा बादलीत चांगला खळबळून काढला. बंगळूरच्या ढगाळ हवेत तो वाळेना. ओलेत्याने पूजा चालतेच, म्हणून त्यांनी तो ओलाच बांधला. यंत्राने पोटातून गुडगुड असा आवाज केला आणि ते बंद पडले.

दवाखान्यात भीमाचार्यांनी यंत्र टेबलावर ठेवले. "अनुषा, पट्टा... धुतला."

"धुतला?"

"सोवळ्यासाठी," कमलाबाई म्हणाल्या. यापेक्षा सोपे कारण त्यांना माहीत नव्हते.

अनुषा पांढरीफटक पडली. "सरांना काय सांगू? जिवापाड जपीन, असं म्हणाले होते मी त्यांना..."

भीमाचार्यांना पोर कासावीस झालेली बघवेना. त्यांनी तिला पाणी दिले, पाठीवर हात ठेवला. "अगं, कुठला वाघ नि काय! त्या नसाच तुला पळवतायत. लांब श्वास घे. सोड हळूहळू. सरांना मी सांगतो, चूक आमची."

इकडे कमलाबाईंनी पट्टा उलटा करून दाबला. टेबलावर पाण्याची धार लागली. त्यांनी नळी खोचली, पट्टा नवऱ्याच्या रिकाम्या दंडाला गुंडाळला आणि बटण दाबले. यंत्र घरघरले. पट्टा आवळला, सैल झाला.

"एकशेचोवीस," कमलाबाईंनी वाचले.

अनुषाने धडपडत आपल्या यंत्राने पुन्हा मोजले. तेवढेच! रात्रीच्या नोंदीही शाबूत होत्या आणि सगळ्या व्यवस्थित होत्या. तिला यंत्रासाठी हायसे वाटले, भीमाचार्यांना डोळ्यांसाठी. दोघेही एकदमच खुर्चीत बसले.

"अण्णा, माझ्यासमोर पहिल्यांदाच! मला धीर देताना घाबरायचं विसरलात तुम्ही. डोळ्याच्या डॉक्टरांना सांगते, गुरुवारी ऑपरेशन करून टाका."

"सरी, ठीक आहे," कमलाबाई पदर खोचत म्हणाल्या, "मग गुरुवारी त्या डोळ्याच्या डॉक्टरांना कुणी घाबरवायचं, तेवढं ठरवा."